गणिताला पाठ दाखवू नका!

कला शाखेचा विद्यार्थी म्हणजे गणिताला घाबरून पळालेला विद्यार्थी, अशी एक समजूत समाजात रूढ आहे. दुर्दैवाची गोष्ट अशी की, ही समजूत लोकांपेक्षा आपल्यालाच अधिक पटलेली आहे. दहावीचा भूमितीचा पेपर संपला त्या दिवशी 'सुटलो एकदाचे!' असे म्हणून आपल्यापैकी अनेकांनी गणिताची पुस्तके रद्दीत घातली. अकरावी-बारावीला कला शाखेत गणित सक्तीचे नाही. बी.ए.ला अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र घेणाऱ्यांची संख्याशास्त्राशी थोडीफार गाठ पडते, तेवढीच. आणि मग पाच वर्षांच्या या वनवासानंतर गणित पुन्हा दारात येऊन उभे राहते, ते एम.बी.ए.च्या प्रवेश परीक्षेच्या रूपाने.

एम.बी.ए. म्हणजे इंजिनियर आणि कॉमर्सवाल्यांचे काम, असे आपण गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात नियम काय सांगतात? आय.आय.एम.च्या 'कॅट' परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. पदवीला 50 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या व अपंग विद्यार्थ्यांना 45 टक्के पुरतात. पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यालाही अर्ज करता येतो. महाराष्ट्र शासनाची एम.बी.ए. सी.ई.टी. कला शाखेलाही खुली आहे, आणि 1965 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेचा रस्ता तिच्यातूनही जातो. आय.आय.एम. तर आता आपल्याच राज्यात आहेत: नागपूरला 2015 पासून आणि मुंबईत 2023 पासून. दार उघडे आहे. उंबरठ्यावर गणित बसले आहे, एवढेच.

हे गणित आहे तरी काय? शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर-प्रमाण, सरासरी, काळ-काम-वेग, व्याज, समीकरणे, श्रेढी, थोडी भूमिती. लघुगणक किंवा क्रमचय-संयोग यांसारखा काही भाग दहावीच्या पुढचा आहे. पण बहुतांश मजकूर शाळेतलाच. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकातील प्रकरणे आठवून पाहा: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. परदेशी विद्यापीठांसाठी जी जीमॅट परीक्षा असते, तिच्या 2023 च्या नव्या स्वरूपात तर गणिताच्या विभागातून भूमितीच काढून टाकली आहे. अंकगणित आणि बीजगणित एवढेच उरले. 45 मिनिटे, 21 प्रश्न.

मग शाळेत शिकलेले हे गणित परीक्षेत का अडते? माझ्या मते याचे मूळ आपल्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. आपण गणित पाठ केले. सूत्र पाठ, पायऱ्या पाठ, कित्येकदा उत्तरही पाठ! पाठ केलेले गणित प्रश्नाचे रूप जरा बदलले की दगा देते. साधे उदाहरण घ्या. वस्तूची किंमत 20 टक्क्यांनी वाढवली आणि मग 20 टक्क्यांनी उतरवली, तर काय होईल? पाठांतर करणारा म्हणेल, 'होती तेवढीच.' विचार करणारा शंभरापासून सुरुवात करील: शंभराचे एकशेवीस झाले, आणि एकशेवीसचे 20 टक्के म्हणजे चोवीस वजा जाऊन उरले शहाण्णव. चार टक्क्यांची घट! दुसरे उदाहरण: गावाहून तालुक्याला गाडी ताशी 40 किलोमीटरने गेली आणि 60 ने परत आली, सरासरी वेग किती? पन्नास नव्हे. अंतर 120 किलोमीटर माना. जाताना तीन तास, येताना दोन. 240 किलोमीटर पाच तासांत, म्हणजे 48. यात सूत्र कुठे लागले? सोयीचा आकडा धरून विचार करण्याचे धैर्य तेवढे लागले.

हे धैर्य क्लासच्या जाहिरातीतल्या 'युक्त्यां'नी येत नाही. हजारो रुपये फी भरून शंभर युक्त्या पाठ करणे हा जुन्या रोगाचाच नवा अवतार आहे. युक्ती वाईट नसते; पण ती का चालते हे कळल्याशिवाय ती आपली होत नाही. ज्याला शेकडेवारी समजली, त्याला युक्ती आपोआप सुचते.

या बाबतीत आपल्या जुन्या पिढीकडून शिकण्यासारखे आहे. आपले आजोबा-पणजोबा शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! त्यात घोकंपट्टी होती हे खरे. पण ती घोकंपट्टी बाजारात रोज वापरली जाई, म्हणून तिचे ज्ञान झाले. पाव म्हणजे पंचवीस टक्के, पाऊण म्हणजे पंचाहत्तर, सव्वा म्हणजे पंचवीस टक्क्यांची वाढ, ही भाषा मराठीच्या हाडात मुरलेली आहे. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश, हे ज्याला ठाऊक आहे त्याला 64 चे साडेसदतीस टक्के काढायला कागद लागत नाही: आठाच्या तिप्पट, चोवीस. कॅटमध्ये संगणकाच्या पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो. जीमॅटच्या गणित विभागात तोही मिळत नाही. पण मिळाला तरी प्रत्येक गुणाकारासाठी त्याच्याकडे धावणाऱ्याची वेळ तिथेच संपते.

आणि आपल्या घरी गणित नाही असे कोण म्हणतो? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण बचत गटाच्या बैठकीत 'शेकडा दोन' व्याजाचा हिशेब तोंडी करणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आले आहे. महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हे त्यांना कोणी फळ्यावर शिकवले नाही. हेच गणित इंग्रजीत छापून आले की त्यांच्या पदवीधर होऊ घातलेल्या मुलींना घाम फुटतो. म्हणजे अडचण गणिताइतकीच भाषेचीही आहे. कॅट आणि सी.ई.टी. दोन्ही इंग्रजीतून होतात. 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'लेस दॅन' आणि 'लेस बाय' यांतला फरक न कळल्यामुळे येणारे गणित चुकते, आणि आपण मात्र 'आपल्याला गणित येत नाही' अशी नोंद मनाशी करून मोकळे होतो.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येकाने एक 'चुकांची वही' घालावी. सोडवलेल्या प्रश्नांची नव्हे, चुकलेल्या प्रश्नांची. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: कल्पनाच माहीत नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, की हिशेबात घसरलो? तिन्ही रोगांची औषधे निरनिराळी आहेत. पहिल्याला शाळेचे पुस्तक, दुसऱ्याला इंग्रजीचे वाचन, तिसऱ्याला रोजचा तोंडी सराव. आठ दिवसांनी तोच प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवावा. शंभर नवे प्रश्न सोडवण्यापेक्षा वीस चुकलेले प्रश्न पुरते समजून घेणे अधिक फलदायी.

परीक्षेतला दुसरा भाग वेळेचा. 2024 च्या कॅटमध्ये गणिताचे 22 प्रश्न 40 मिनिटांत सोडवायचे होते, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा. आता हिशेब पाहा. पर्यायी प्रश्नांपैकी बारा सोडवून दहा बरोबर आणणाऱ्याला 28 गुण. वीस सोडवून तेवढेच दहा बरोबर आणणाऱ्याला केवळ 20. सोडून देणे हासुद्धा गणिताचाच भाग आहे! त्याच वर्षीच्या सी.ई.टी.मध्ये मात्र 200 प्रश्नांना 150 मिनिटे होती आणि चुकीला दंड नव्हता. तिथे एकही प्रश्न कोरा ठेवणे हे नुकसान. प्रत्येक परीक्षेचा स्वभाव वेगळा. तो ओळखल्याशिवाय केलेली मेहनत वाया जाते.

कोणी म्हणतील, साहित्य आणि इतिहास शिकणाऱ्याला काळ-काम-वेगाच्या फूटपट्टीने मोजावेच का? प्रश्न रास्त आहे. काही आय.आय.एम. निवड करताना अभियांत्रिकीबाहेरच्या विद्यार्थ्यांना काही जादा गुण देतात, ते याच जाणिवेतून. परंतु त्याआधी प्रत्येक विभागात ठरावीक पर्सेंटाइल गाठावेच लागते. आणि खरे सांगायचे तर, ताळेबंद वाचता न येणारा व्यवस्थापक कोणत्या कामाचा? फूटपट्टी एकांगी असेल. म्हणून आपण तिच्याकडे पाठ फिरवली, तर नुकसान फूटपट्टीचे होत नाही.

मात्र सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून मोकळे होणे मला मान्य नाही. ज्यांच्या घरी आधी कोणी शिकलेले नाही, त्यांच्या कानावर या परीक्षांची नावे बहुधा तृतीय वर्ष संपल्यावर पडतात. कॅट नोव्हेंबरअखेर होते आणि तिचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरातच भरावे लागतात. निकाल लागल्यावर जागे होणाऱ्याचे एक वर्ष गेलेच. प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की, आठवड्यातून एक तास आणि एक रिकामी खोली आम्हाला द्यावी. अर्थशास्त्र विभागाने शेकडेवारी व तक्ते घ्यावेत, इंग्रजी विभागाने प्रश्नांची भाषा समजावावी. ग्रंथालयात दहावीच्या गणिताचे दोन्ही भाग आणि जुन्या प्रश्नपत्रिका ठेवाव्यात. याला फारसा खर्च नाही. क्लासच्या फीपुढे तर काहीच नाही.

आणि मित्रमैत्रिणींनो, सर्वांनीच एम.बी.ए. करावे असे माझे म्हणणे नाही. कोणी शिक्षक होईल, कोणी स्पर्धा परीक्षा देईल, कोणी शेती पाहील. पण 'मला गणित येत नाही' या एका वाक्यापायी जर एखादे दार आपण स्वतःच लावून घेत असू, तर ते वाक्य एकदा तपासून पाहिले पाहिजे. दहावीचे पुस्तक कोणाकडेही मिळेल. आज रात्री त्यातले शेकडेवारीचे एक उदाहरण सोडवून पाहा. गणित पाठ करू नका, आणि गणिताला पाठही दाखवू नका!

— द्वितीय वर्ष, कला