सर्प कीं मत्स्य?

वेदान्तांतील प्रसिद्ध दृष्टान्तांत अंधारांतल्या दोरीवर सर्पाचा आरोप होतो आणि दिवा आणतांच भय निरसतें. समुद्रतीरावरील भ्रम याच्या उलट, आणि म्हणून अधिक घातक. तेथें खऱ्या सर्पासच मासा समजून हात घातला जातो. सुटींत मुलांबाळांसह कोंकणांत जाणाऱ्या वाचकांसाठीं हें लिहीत आहों.

आपण ज्यांस वाम म्हणतों त्या लांबट माशांच्या गोतावळ्यांतील एका कुलास शास्त्रज्ञ 'ऑफिक्थिडी' म्हणतात. ग्रीक 'ओफिस' म्हणजे सर्प, 'इख्थिस' म्हणजे मत्स्य. हा 'ओफिस' आपल्या 'अहि'चा सख्खा भाऊच. म्हणून 'सर्पमत्स्य' हें नांव आम्हीं योजिलें आहे.

त्याच्या अंगावर खवले नसतात. कातडी बुळबुळीत असते. मस्तकामागें दोन्ही बाजूंस कल्ल्यांचीं लहान छिद्रें असतात. पाठीवर बहुधा लांबच लांब, ठेंगणा पर असतो, पण मासा पाण्याबाहेर पडला कीं तो अंगास चिकटून दिसेनासा होतो. बहुतेक जातींत शेपटीचें टोंक टणक, अणकुचीदार व पराविना असतें. त्याच्या बळावर हे मासे वाळूंत उलटे, शेपटीकडून शिरतात!

समुद्रसर्पास खवले असतात, कल्ले नसतात. श्वासासाठीं त्यास पाण्यावर यावेंच लागतें. शेपूट वल्ह्यासारखें चपटें. मात्र एकट्या शेपटीवर विसंबूं नये, कारण इतर कित्येक वामींचें शेपूटही चपटें असतें. फरक इतकाच कीं, त्यास पराची झालर असते.

रंगावरून निर्णय करणारा तर हटकून फसतो. हिंदी व प्रशांत महासागरांत 'मायरिक्थिस कोल्युब्रायनस' नांवाचा सर्पमत्स्य आहे. फिकट अंगावर काळे पट्टे घेऊन तो विषारी पट्टेरी समुद्रसर्पाचें असें बेमालूम सोंग आणतो कीं, पाहणारा चकित व्हावा.

मालवणकडे मासेमारीच्या जाळ्यांत समुद्रसर्प वारंवार येतात. त्यांतील चोंचीसारख्या तोंडाचा सर्प अतिशय विषारी. जाळ्यांत निपचित पडला म्हणून तो मेला असें समजूं नये. त्याच्या दंशाची वेदना पुष्कळदां नाममात्र असते, त्यामुळें माणूस गाफील राहतो. शिवाय आपल्या देशांत सामान्यतः मिळणारें प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांवरचें आहे. समुद्रसर्प त्यांत नाहीं. दंशाची नुसती शंका आली तरी रोग्यास चालूं न देतां, दंशाचें अंग स्थिर ठेवून, तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें.