गढीवर यंत्र नको

परदेशातल्या आपल्या मंडळातल्या तिघाचौघांना अलीकडे एक छंद लागला आहे. शनिवारी सकाळी मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या शेतात जायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि जुनी नाणी शोधायची. मीही दोनदा गेलो. ओल्या मातीतून तिसऱ्या जॉर्जचं तांब्याचं नाणं वर आलं तेव्हा अंगावर काटा आला. त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. पण कोजागिरीला त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "या सुट्टीत यवतमाळला जाताय ना? यंत्र घेऊन जा. बागेत, नदीकाठी, गावच्या गढीवर फिरवून बघा. तुमच्याकडं तर पावलोपावली पुरलेलं असेल." पुरलेलं आहे, हे खरं. म्हणूनच यंत्र नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

माझं गाव यवतमाळच्या बाभूळगाव तालुक्यातलं. दिवाळीच्या आधी आम्ही पोरं गावाबाहेरच्या गढीवरून टोपल्या भरभरून पांढरी माती आणायचो, भिंतींना पोतारा द्यायला. त्या मातीत खापरं निघत, एखादा मणी निघे. आई खापरं वेचून उकिरड्यावर टाकायची. त्याच तालुक्यातल्या पाचखेडच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागानं २०२३-२४ मध्ये उत्खनन केलं, तेव्हा ही पांढरी माती म्हणजे काय ते मला या वयात कळलं. साडेआठ मीटरहून जास्त जाडीचा वस्तीचा थर. तळाशी लोहयुग, त्यावर सातवाहन, मग मध्ययुग आणि माथ्यावर निजामाचा काळ. तळाच्या वस्तीत गोल घरांच्या चुनखडीच्या जमिनी, लाकडी खांबांच्या खुणा, चूल. वही जशी पानापानानं लिहीत जावी, तशी ही माती साचत गेली आहे. आम्ही तीच पानं टोपलीत भरून नेत होतो.

डिटेक्टर फार तर हातभर खोलीवरचा धातू सांगतो. खड्डा करून नाणं काढलं की ते कोणत्या थरात होतं, शेजारी कुठलं खापर होतं, राख होती की चुना, हे सगळं कायमचं पुसलं जातं. हातात उरतो एक हिरवट तुकडा, आणि तो मुका असतो.

एकेकट्या नाण्यापेक्षा त्यांचा संच किती बोलतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी इथं १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची सव्वातेरा हजार चांदीची नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव कुणी केला, याचा धातूत कोरलेला जबाबच हा. त्यातलं एखादं नाणं कुणी पर्यटकानं खिशात घातलं असतं तर ती नुसती गमतीची वस्तू ठरली असती. हजारो एकत्र मोजली गेली म्हणून तो इतिहास झाला. यवतमाळच्या शेजारी, आजच्या वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे सोळाशे पोटिनची नाणी मिळाली. पोटिन हा हलका मिश्रधातू, सोनाराच्या लेखी कवडीमोल. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीतही नसलेली राजांची नावं पुढं आली.

इंग्लंडचं उदाहरण माझ्याविरुद्ध दिलं जातं, म्हणून त्याकडं नीट बघू. तिथं हा छंद कायदेशीर आहे, पण जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळी यंत्र नेणं गुन्हा आहे, आणि कायद्यात बसणारा ठेवा चौदा दिवसांत कळवावा लागतो. २०१५ साली तिथं आल्फ्रेड राजाच्या काळातले दोन ठेवे निघाले. ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनचा ठेवा शोधणाऱ्यानं कळवला. तो मातीच्या ढेकळासकट उचलला गेला आणि आज ॲश्मोलियन संग्रहालयात आहे. लेम्स्टरजवळचा दुसरा ठेवा शोधणाऱ्यांनी दडवून विकायला काढला. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज होता, खटल्यापर्यंत परत मिळाली ती एकतीस. दोघा शोधकांना २०१९ मध्ये तुरुंगात जावं लागलं. या दोन ठेव्यांत फरक पडला तो कळवण्यानं.

विदर्भात तर आणखी एक गोष्ट आहे, जी इथं बसून ध्यानात येत नाही. आपल्याकडं या शोधाला जुनं नाव आहे: गुप्तधन. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. त्या लोभापायी रात्री गढ्या उकरल्या जातात, देवळांतल्या मूर्तींखाली खड्डे पडतात, आणि अघोरी पूजा मांडल्या जातात. महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात या प्रकाराची वेगळी नोंद करावी लागली. अशा गावात परदेशातून आलेला माणूस कानाला हेडफोन लावून गढीवर फिरू लागला, तर गाव काय समजेल? तुम्ही दोन आठवड्यांनी विमानात बसाल. तुम्ही जिथं थबकला होता, तिथं त्याच रात्री कुदळी पडतील.

मित्राचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. नांगर, खतं आणि जेसीबी जमिनीतल्या या ठेव्यांचा नाश करतच आहेत, आणि सापडलेलं सोनाराच्या मुशीत जातं. हे वितळवणं घडतं ते भीतीनं. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद. शेतकऱ्याला यातली कैद तेवढी ठाऊक असते. ठेव्याला मालक नाही असं ठरलं, आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा ज्याला सापडला त्याचा आणि उरलेला जमीनमालकाचा, आणि सरकारनं तो ठेवून घेतला तर मोबदला द्यावा लागतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्याला यंत्राची गरज नाही, या माहितीची आहे. दहा रुपयांची ती मर्यादाही जवळजवळ दीडशे वर्षांत हललेली नाही, ती बदलायलाच हवी.

आणि आपण परदेशस्थांनी एवढं पक्कं लक्षात ठेवावं: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो. तो खाजगी माणसानं देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत. आजीच्या डब्यातला राणीछाप रुपयाही त्यात येतो.

तेव्हा गावी जाताना यंत्र इथंच ठेवा. नागपूरला उतरलात तर अजब बंगला हे संग्रहालय बघा, पाचखेडला जाऊन या. आणि भावाच्या शेतात नांगराच्या फाळाला काही लागलंच, तर ते घासूपुसू नका, जागेवर फोटो काढा, गट नंबर लिहून घ्या आणि भावाला सोबत घेऊन यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.