आकड्यांचाही हिशेब द्यावा

आपल्या एखाद्या मराठी मंडळाची वार्षिक सभा भरली की कोणीतरी उठून विचारतोच, "वर्गणीचे रुपये कुठे गेले?" खजिनदाराला बिले दाखवावी लागतात, आणि ते योग्यच आहे. पण एखादी सेवाभावी संस्था लोकांना आकडे सांगते, तेव्हा त्या आकड्यांचा हिशेब कोण मागतो?

अमेरिकेत सुझन कोमेन यांच्या नावाची एक मोठी संस्था आहे. स्तनांच्या कर्करोगाने बहीण गेली, म्हणून नॅन्सी ब्रिंकर यांनी १९८२ साली ती काढली. ऑक्टोबरात दिसणारी गुलाबी फीत घरोघरी पोहोचली त्यात तिचा मोठा वाटा. २०११ साली या संस्थेने जाहिरात केली : रोग लवकर सापडल्यास पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ९८ टक्के, नाहीतर २३ टक्के, तेव्हा मॅमोग्राफी करून घ्या.

वाचून कोणीही घाबरेल. पण समजा, एका बाईला साठाव्या वर्षी गाठ हाताला लागली आणि त्रेसष्टाव्या वर्षी ती वारली. पाच वर्षे जगलेल्यांत ती नाही. तीच गाठ सत्तावन्नाव्या वर्षी यंत्राने दाखवली, मरण मात्र त्रेसष्टाव्या वर्षीच आले, तर ती पाच वर्षे जगलेल्यांत जमा! आयुष्य एका दिवसानेही वाढले नाही. रोग तेवढा आधी कळला. शिवाय जन्मभर त्रास न देणाऱ्या गाठीही तपासणीत सापडतात आणि टक्केवारी फुगवतात.

२०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये स्टीव्हन वोलोशिन आणि लिसा श्वार्ट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी हे उघड केले. त्यांचे प्रमाण दहा हजारांत मांडले तर असे : पन्नाशीतल्या दहा हजार स्त्रियांपैकी या रोगाने दहा वर्षांत तपासणीविना ५३ दगावतात, तपासणी केल्यास ४६.

सात जीव थोडे नव्हेत. मग तेच सांगावे! आणि त्याबरोबर विनाकारण होणाऱ्या शस्त्रक्रियाही सांगाव्यात. "हेतू चांगला होता" हे उत्तर मला पटत नाही. खजिनदाराकडून आपण ते ऐकून घेत नाही. चूक दाखवली गेल्यावर दुरुस्ती जाहिरातीएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापली पाहिजे.

गाठ जाणवली तर डॉक्टरकडे जाण्यात चालढकल नकोच, भगिनींनो. प्रश्न आहे तो कसलाच त्रास नसलेल्या बाईला काय सांगून तपासणीला बोलवावे, हा.