अंक आणि पारख

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात चांदीचे एक चिमुकले नाणे विकले गेले. त्याचे वजन अवघे १.१ ग्रॅम, आणि त्यातील चांदीची बाजारभावाने किंमत सुमारे एक डॉलर. परंतु खरेदीदाराने त्यासाठी २५ लाख २० हजार डॉलर मोजले. म्हणजे आपल्या चलनात एकवीस कोटींहून अधिक रुपये! नेदरलँड्समधील एका जुन्या कपाटात सापडलेले हे नाणे बोस्टन शहरी १६५२ साली पाडलेले तीन पेन्सांचे नाणे होते. अशी वार्ता वाचली की प्रथम आपण आश्चर्याने थक्क होतो आणि दुसऱ्याच क्षणी घरातील जुन्या डब्यांची आठवण काढू लागतो. दोन्ही गोष्टी मनुष्यस्वभावाला धरूनच आहेत. तथापि विचारी वाचकाच्या मनात तिसरा एक प्रश्न उभा राहावयास हवा. एवढ्याशा चकतीची योग्यता कोणी ठरविली, आणि कशावरून? अमेरिकेतील वसाहतकालीन नाण्यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या नाण्यांचा जन्म कसा झाला ते पाहू. सतराव्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या लोकांजवळ जमीन होती, धान्य होते, अंगी कष्टाळूपणा होता. नव्हता तो पैसा. मायदेशातून नाणी फारशी येत नसत, आणि येत ती व्यापाराच्या देण्यापोटी परत जात. तेव्हा शिंपल्यांचे मणी, बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी, मका, तंबाखू अशा वस्तूंवरच व्यवहार चाले. १६३५ साली तर मॅसॅच्युसेट्सच्या सभेने बंदुकीची गोळी एका फार्दिंगच्या भावाने चालावी, असा ठराव केला होता! अखेर १६५२ मध्ये त्या वसाहतीने बोस्टन येथे स्वतःची टांकसाळ काढली, आणि जॉन हल व रॉबर्ट सँडरसन या दोन सोनारांच्या हाती ती सोपविली.

त्यांनी पाडलेली पहिली नाणी अत्यंत साधी होती. एका बाजूस ‘न्यू इंग्लंड’ची दोन आद्याक्षरे, दुसऱ्या बाजूस किमतीचा रोमन आकडा, आणि बाकी सारी चकती कोरी! कोऱ्या कडेची चांदी कातरून घेतली तरी कोणाच्या ध्यानात येणार? ही लबाडी सोपी होती, म्हणून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नवा हुकूम निघाला आणि नाण्यावर वृक्षाचे चित्र व कडेला लागून अक्षरांचे वर्तुळ आले. विलो, ओक आणि पाइन अशा तीन वृक्षांची नाणी क्रमाने निघाली. त्यांत मौज अशी की, ही टांकसाळ सुमारे तीस वर्षे चालली, तरी ओक वृक्षाच्या दोन पेन्सांवरील १६६२ चा अपवाद वगळता, प्रत्येक नाण्यावर १६५२ हेच साल आढळते. त्या वर्षी इंग्लंडच्या गादीवर राजा नव्हता. नाणे पाडणे हा राजाचा अधिकार. तेव्हा पुढे राजा परत आल्यावरही जुने साल कायम ठेवणे सोयीचे होते, असे परंपरेने सांगितले जाते. बोस्टनचा शिलिंग ७२ ग्रेन वजनाचा, तर इंग्लंडचा सुमारे ९३ ग्रेनांचा. वजन मुद्दाम कमी ठेवले, ते चांदी वसाहतीतच राहावी म्हणून. एका लहान नाण्यात राजकारण, अर्थकारण आणि लोकांची निकड ही सारी अशी एकत्र नांदत असतात.

आता प्रतवारीकडे वळू. नाणे किती झिजले हे पाहून त्याचे मोल कमीअधिक करण्याची पद्धत आपल्याकडेही जुनीच आहे. पूर्वी सराफ रुपया दगडावर वाजवी, कड पाही, आणि झिजलेल्या वा परमुलखातील नाण्यावर बट्टा कापून घेई. ‘खणखणीत नाणे’, ‘बंदा रुपया’, ‘नावाला बट्टा लागणे’ हे आपले बोल त्याच पेढीवरून भाषेत आले आहेत. अमेरिकेतील संग्राहकही पुष्कळ काळ ‘बरे’, ‘चांगले’, ‘उत्तम’ अशा शब्दांनीच काम भागवीत. परंतु एकाचे ‘उत्तम’ ते दुसऱ्याचे ‘बरे’; आणि विकताना जे ‘उत्तम’, तेच विकत घेताना ‘बरे’! यावर विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली एक तोडगा सुचविला. अमेरिकेच्या १७९३ ते १८१४ या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी त्याने १ ते ७० असे अंक ठरवून दिले. जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्यास १, आणि सर्वथा निर्दोष नाण्यास ७०. त्यामागील हिशेब असा की, १ अंकाच्या नाण्याची किंमत एक डॉलर असेल, तर २० अंकांच्या नाण्यास वीस डॉलर पडावेत. बाजारातील भावांनी हा हिशेब लवकरच मोडून टाकला. अंक मात्र राहिले. १९७० नंतरच्या दशकात ते अमेरिकेच्या सर्वच नाण्यांना लागू झाले. १९८६-८७ पासून तर नाणे तपासून, त्यास अंक देऊन, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करून देणाऱ्या व्यापारी संस्थाच निघाल्या.

या व्यवस्थेचा लाभ नाकारणे अन्यायाचे होईल. शेकडो मैल दूर असलेल्या खरेदीदारास नाणे हाती न घेता बोली लावता येते. नवख्या माणसास लबाड विक्रेत्यापासून काही संरक्षण मिळते. बनावट नाणी मोठ्या प्रमाणात बाजूस काढली जातात. १८५६ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये थॉमस वायट नावाच्या इसमाने मॅसॅच्युसेट्सच्या चांदीच्या नाण्यांच्या नकला तयार करून त्या जुन्या म्हणून खपविल्या होत्या. अशा ठकबाजीस आज पूर्वीइतका वाव नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

माझा आक्षेप अंकाला नाही. अंकापाशी येऊन थांबणाऱ्या बुद्धीला आहे. जी मोजपट्टी एका प्रकारच्या नाण्यांसाठी घडविली, ती दुसऱ्या प्रकारास लावताना सावध राहावयास नको काय? वसाहतकालीन नाणी बहुतेक हातकामाची. चांदीची पट्टी कोठे जाड, कोठे पातळ. ठसा कधी मध्यावर, कधी एका अंगास सरकलेला. साच्यास तडा गेला तरी काम चालूच. १७८५ ते १७८८ या काळात कनेक्टिकट, व्हरमाँट, न्यू जर्सी इत्यादी राज्यांत निघालेल्या तांब्याच्या नाण्यांची हीच कथा. न्यू जर्सीच्या नाण्यावर घोड्याचे मस्तक आणि त्याखाली नांगर असे सुंदर चित्र आहे. पण चकतीच मुळात सच्छिद्र वा चिरलेली असल्यामुळे कित्येक नाण्यांवर ते टांकसाळीतून बाहेर पडतानाच अर्धे पुसट होते. येथे पारखणाऱ्याने ओळखावयाचे ते हे की, जे दिसत नाही ते झिजून गेले आहे, की मुळातच उमटले नव्हते? पहिला मनुष्यांच्या हातांचा परिणाम, दुसरे जन्माचे वैगुण्य. दोहोंची भेसळ केली, तर अंक कितीही नेमका दिसला तरी न्याय होत नाही.

जुन्या तांब्याच्या नाण्यांचे जाणते संग्राहक म्हणूनच निराळी रीत पाळतात. प्रथम केवळ झीज पाहून अंक द्यावयाचा. मग गंज, ओरखडे, ठोके, भोक, घासल्याच्या खुणा यांसाठी त्यातून वजावट करावयाची. आणि नाण्याविषयी दोन वाक्ये लिहावयाची. समजा, एका नाण्यावर अक्षरे ठळक आहेत, पण त्यावर हिरवा कळंक चढला आहे. दुसरे गुळगुळीत झाले आहे, परंतु त्याचा तांबूस-तपकिरी राप अभंग आहे. वजावटीनंतर दोघांस एकच अंक मिळू शकेल. ती दोन नाणी सारखी आहेत, असे कोणता डोळस मनुष्य म्हणेल? अंकाबरोबरची ती दोन वाक्येच खरी पारख होय.

लिलावात या साऱ्याची कसोटी लागते. यादीमध्ये नाण्याचे छायाचित्र, अंक, वजन, ठशाचा प्रकार आणि पूर्वीच्या मालकांची परंपरा दिलेली असते. कोणत्या दोन साच्यांनी नाणे पाडले हे ओळखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांनी सूची रचल्या आहेत. सिल्व्हेस्टर क्रॉस्बी यांचा १८७५ चा ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. हातोडा पडला तरी हिशेब संपत नाही. जिंकलेल्या बोलीवर लिलावगृहाचा आकार, बहुधा वीस टक्क्यांच्या आसपास, निराळा चढतो. नवशिका बोलीच्या भरात हेच विसरतो. शिवाय लिलावातील किंमत ठरते ती दोघांच्या हट्टावर. तिसऱ्या दिवशी त्यांपैकी एक जण नसला, तर तेच नाणे निम्म्यातही जाईल. न्यूयॉर्कचा सोनार एफ्रेम ब्रॅशर याने १७८७ साली पाडलेले एक सोन्याचे नाणे १९७९ मध्ये ७ लाख २५ हजार डॉलरांस गेले, आणि २०२१ मध्ये त्याच नाण्यास ९३ लाख ६० हजार डॉलर आले. मधल्या काळात नाण्यात काय बदलले? काहीच नाही. बदलली ती माणसांची इच्छा आणि ऐपत. म्हणून केवळ भाव चढेल या आशेने नाणी घेणाऱ्यास मी संग्राहक म्हणणार नाही. तो नाण्यांचा जुगार खेळतो.

आरंभी सांगितलेल्या तीन पेन्सांच्या नाण्याचेच पाहा. त्यास एकवीस कोटी आले ते गुळगुळीतपणाबद्दल वा चकाकीबद्दल नव्हेत. त्या प्रकारचे दुसरे नाणे मॅसॅच्युसेट्स इतिहास संस्थेच्या संग्रहात आहे. खाजगी हाती येऊ शकेल असे हे एकच. वृक्षाचे चित्र येण्यापूर्वीच्या त्या थोड्या महिन्यांचा तो साक्षीदार आहे. हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती ते पडते, तर कदाचित मोडीत गेले असते.

या विषयातील सर्वांत बोधप्रद कथा मात्र खुद्द शेल्डनची आहे. सत्तर अंकांची मोजपट्टी देणारा हा विद्वान १९७७ मध्ये निवर्तला. त्यानंतर अमेरिकन नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहाची तपासणी झाली, तेव्हा दानात मिळालेल्या उत्कृष्ट सेंटांच्या जागी त्याच प्रकारची हलकी नाणी आढळली. जुन्या छायाचित्रांशी एकेक नाणे ताडून पाहता, अदलाबदल करणारा हात शेल्डनचाच होता, असे निष्पन्न झाले. न्यायालयातही तसेच ठरले. नाण्यांची प्रत त्याच्याइतकी कोणाला कळत होती? पण त्या ज्ञानाचा उपयोग त्याने, कोणते नाणे उचलावे हे ठरविण्यासाठी केला. त्याचे अंक जगभर चालतात, आणि नावाला लागलेला बट्टा काही केल्या निघत नाही. त्याची चोरी उघडकीस आली तीही अंकांमुळे नव्हे. प्रत्येक नाण्यावरील बारीक ओरखडा, डाग, कडेची खाच, ज्यांना आपण दोष म्हणतो, त्यांनीच ‘मी तेच नाणे’ अशी साक्ष दिली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी या लिलावांत बोली लावावयास जाईल असे नाही. पण तुमच्या घरी देव्हाऱ्यात वा आजीच्या पेटीत एखादा जुना तांब्याचा पैसा असेल. तो चिंचेने वा राखेने घासून लखलखीत करू नका. दीडदोनशे वर्षांनी चढविलेला राप एका सकाळी निघून जातो, आणि मग जगातील कोणताही तज्ज्ञ तो परत देऊ शकत नाही. त्याऐवजी नाणे कडेने धरा, भिंग घेऊन उजेडात पाहा, अक्षरे वाचा, वजन करा, आणि वहीत टिपून ठेवा. हा छंद विनामूल्य आहे, आणि डोळ्यांना जी सवय लागते ती जन्मभर पुरते.

आपल्या भाषेत परीक्षेतील अंकांना आणि माणसाच्या चांगुलपणाला ‘गुण’ हा एकच शब्द आहे. त्यामुळे दोहोंत फरक आहे याचा आम्हां शिक्षकांना आणि तुमच्या पालकांनाही पुष्कळदा विसर पडतो. गुणपत्रिका हवीच, तिच्यावाचून शाळा चालणार नाही, जशी प्रतवारीवाचून नाण्यांची पेठ चालणार नाही. परंतु एखादा मुलगा वर्गात मागे पडला, तर तो आळसाने झिजला आहे, की त्याला मिळालेला ठसाच अपुरा होता, हे पाहण्याचे कष्ट कोणी घ्यावयाचे? अंक पेटीवर लिहिलेला असतो. नाणे पेटीच्या आत असते. पालकांनी आणि आम्ही शिक्षकांनी आत पाहण्याची सवय ठेवावी, आणि तुम्हीही एकमेकांकडे पाहताना ती ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.