मलवाहिनीतील खोलीचा आकडा

नियंत्रणकक्षाच्या पडद्यावर सांडपाण्याची जी खोली दिसते, ती वेळ किंवा दाब मोजून काढलेले अनुमान असते. मॅनहोलमध्ये वर टांगलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर प्रतिध्वनी परतायला लागलेला वेळ मोजतो. तळाशी बसवलेला सेन्सर पाण्याचा दाब मोजतो. पहिल्याचा ध्वनी फेसात शोषला जातो आणि मॅनहोल तुडुंब भरले की तो स्वतःच बुडतो. पण हा बिघाड निदान लगेच लक्षात येतो.

दाब-सेन्सरची चूक मात्र गुपचूप होते. हवेचा दाब वजा व्हावा म्हणून त्याच्या केबलमधून एक बारीक नळी वर आणलेली असते आणि तिच्या तोंडाशी बहुधा सिलिका जेलचे निळे दाणे असतात. पावसाळी दमटपणात ते गुलाबी होतात. वेळेवर बदलले नाहीत, तर नळीत ओलावा साचून ती बंद होऊ शकते. त्यानंतर हवेचा दाब 10 हेक्टोपास्कलने उतरला, तर खोली सुमारे 10 सेंटिमीटरने कमी दिसते. 300 मिलिमीटरच्या नळात ही चूक व्यासाच्या एक तृतीयांश झाली, आणि कमी दाबाचे पट्टे तर मुसळधार पाऊस घेऊनच येतात.

याहून गंभीर प्रश्न खोलीवरून प्रवाह काढण्याचा आहे. मॅनिंगच्या सूत्रात खोली, उतार आणि नळाचा खडबडीतपणा घातला की प्रवाह मिळतो, पण पाणी अडथळ्याविना, एकसारख्या खोलीने वाहत आहे हे त्यामागचे गृहीतक आहे. पुढे चोकअप झाला की पाणी मागे तुंबते, खोली वाढते, वेग घटतो. प्रत्यक्ष प्रवाह रोडावत असतानाही सूत्र वाढीव आकडा देते. तळाशी गाळ असेल, तर त्याची जाडीही पाण्यात धरली जाते. अशा नोंदींवर विसंबून नियोजन झाले, तर जिथे सफाई हवी होती तिथे मोठ्या व्यासाची वाहिनी मंजूर होण्याची शक्यता बळावते.

खोलीबरोबर वेगही स्वतंत्रपणे मोजला, तर चोकअप ओळखता येतो. मात्र तळाच्या वेगमापकावर चिंध्या आणि चरबी अडकते, म्हणजे तो वारंवार साफ करावा लागणार. आणि सुरक्षासाधनांविना माणसाला मलवाहिनीच्या सफाईसाठी उतरवण्यास 2013च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून सेन्सर जमिनीवरूनच वर ओढता येईल अशी बसवणी, दाणे बदलण्याचे वेळापत्रक आणि खोलीची मोजपट्टीने नियमित पडताळणी यांची तरतूद खरेदीच्या निविदेतच असायला हवी.