शाखा आधी, मूळ मागून

झाडाला मूळ आधी आणि फांदी मागाहून, हा सृष्टीचा नियम. विद्वत्सभांना तो लागू पडतोच असे नाही. मुंबईची एशियाटिक सोसायटी सव्वाशे वर्षे ‘रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा’ या नावाने ओळखली गेली. पण लंडनची ती मूळ संस्था जन्मली १८२३ साली, आणि तिची ही सातासमुद्रापलीकडची शाखा १८०४ सालची! लेक आईहून अठरा-एकोणीस वर्षांनी वडील, असा हा चमत्कारिक संसार.

२६ नोव्हेंबर १८०४ रोजी सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने परळला चार विद्याप्रेमी मंडळी जमवून ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापिली. तिने ग्रंथालय उभारले, निबंधांचे तीन खंड छापविले. पुढे कोलब्रुकसाहेबांच्या पुढाकाराने लंडनला संस्था निघाली, तिला राजसनद मिळाली, आणि १८२९ साली मुंबईकरांनी तिचे शाखापद पत्करले. कलकत्त्याची १७८४ सालची संस्था मात्र स्वतंत्रच राहिली. मुंबईकरांना ‘रॉयल’ या विशेषणाचा मोह पडला असावा, असे आम्हांस वाटते. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या साहित्यसंस्थांच्या बैठकींना बसलेल्या वाचकांना ‘संलग्न’ या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको!

तरीही या नात्याने एकदा मोठे काम केले. मुंबईच्या संस्थेत आरंभी सारे सभासद युरोपीय. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनी १८३३ साली सभासदत्व मागितले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. ज्यांच्या देशाची विद्या अभ्यासावयाची, त्यांनाच दार बंद! लंडनच्या मूळ संस्थेने मात्र माणेकजींना आपले सभासद करून घेतले. आईने ज्याला घरात बसविले, त्याला लेक उंबऱ्याबाहेर किती दिवस उभे ठेवणार? १८४० साली मुंबई शाखेचे ते पहिले भारतीय सभासद झाले. घरचा अन्याय दूरच्या वडीलधाऱ्यांकडून दूर झाला म्हणून त्यांचे गुणगान करावे, की मुळात न्याय मागायला इतके दूर जावे लागले याचा खेद करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दार उघडले आणि चित्र पालटले. १८४१ पासून निघालेल्या शाखेच्या नियतकालिकात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे अजिंठ्याच्या शिलालेखांवरील आणि कालिदासावरील निबंध प्रसिद्ध झाले. भाऊंच्या हाताखाली तयार झालेल्या पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकलला. त्यातील करंडक आणि बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे मुंबईच्या संस्थेकडे आले. याच भगवानलालांना मथुरेस सापडलेले सिंहशीर्ष मात्र त्यांच्या मृत्युपत्राने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. त्या काळच्या विद्वानाचे मन कसे दोन्हीकडे ओढले जाई, हे यावरून दिसते.

१८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग शाखेचे अध्यक्ष झाले. हे पहिले भारतीय अध्यक्ष. माणेकजींच्या प्रवेशापासून इथवर यावयास बावन्न वर्षे लागली, आणि तेलंगांना तर पुढल्याच वर्षी मृत्यूने गाठले. पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्यासारखा धर्मशास्त्राचा प्रकांड पंडित या संस्थेशी दीर्घकाळ निगडित राहिला.

स्वातंत्र्यानंतर हे शाखापण फार काळ टिकणारे नव्हते. १९५४ साली लंडनशी असलेला संबंध सुटला आणि ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ हे नाव आले. २००२ साली त्यात बॉम्बेचे मुंबई झाले. या फारकतीत वाटणीचा प्रश्न फारसा उद्भवला नसावा. ग्रंथालय मुंबईकरांनी आपल्या वर्गणीतून वाढविलेले, आणि संस्थेचे बिऱ्हाड टाउन हॉलच्या त्या उंच पायऱ्यांवरचे. लंडनचे होते ते नावातले एक विशेषण. ते लंडनला परत गेले.