कोश, शोध आणि अनुस्वार

मराठीतील महत्त्वाचे कोश आता संगणकावर आले आहेत, याचे स्वागत कोणताही अभ्यासक करील. मोल्सवर्थ, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, केतकरांचा ज्ञानकोश, १९७६ ते २०१५ या काळात २० खंडांत निघालेला ‘मराठी विश्वकोश’ हे सारे खेड्यातील विद्यार्थ्यासही घरबसल्या पाहता येते. मात्र या सोयीबरोबर एक नवाच पुरावा रूढ होऊ पाहत आहे. ‘अमुक शब्द कोशात आढळत नाही’ हे विधान प्रबंधांत वारंवार येते, आणि त्यामागे बहुधा एकदा टंकलेला शब्द व रिकामा पडदा एवढेच असते.

१९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या कोशांत ‘करणें’ आहे, ‘नांव’ आहे, ‘कांहीं’ आहे. आजच्या लेखनाने ‘करणे’ टंकणाऱ्यास यंत्र, त्याला तशी सूट शिकविलेली नसेल तर, काहीच दाखवीत नाही. छापील पानावर हा प्रश्न उद्भवतच नसे; डोळा ‘करण’पर्यंत पोहोचला की खालीच ‘करणें’ दिसे.

आमच्या पिढीने महादेवशास्त्री जोशी यांचा ‘मुलांचा संस्कृतिकोश’ शाळेच्या कपाटातून, शिक्षकांच्या नजरेखाली, काढून वाचला. हवी ती नोंद सापडेपर्यंत चार नको त्या वाचून होत. (त्या ‘नको त्या’च पुढे उपयोगी पडल्या, हा भाग वेगळा.) वर्णमालेच्या शेवटी शिकलेले क्ष आणि ज्ञ काही कोशांत क आणि ज यांच्या पोटात शोधावे लागतात, हेही तेव्हाच कळले. कोश पाहणे हे एक कौशल्य होते. केतकरांनी तर वर्णानुक्रमापूर्वी पाच प्रस्तावनाखंड वाचकापुढे ठेवले.

जुन्या कपाटांचा मोह येथे अभिप्रेत नाही. कोणत्या नोंदीत एखादा शब्द ओझरता आला आहे, हे यंत्र क्षणात सांगते. तसे शोधण्यास पूर्वी महिने लागत. परंतु अभावाचे विधान करणाऱ्याने कोणत्या कोशात, कोणकोणत्या लेखनभेदांनी शोधले, हे तळटीपेत नोंदविलेच पाहिजे. मार्गदर्शकांनीही तळटीप नसलेले असे विधान परत पाठवावे, आणि विद्यार्थ्यास एकदा तरी छापील खंडाच्या त्या पानाशी बसवावे.